पार्श्वभूमी : नदीचं नाव सांगायचं, सड्याचं नाही

कयाक, दोर, सायकल किंवा पॅराग्लायडर पडद्यावर आणायचा आणि त्याच्या ओढीने आलेल्या प्रेक्षकाला नदीची, डोंगराची अवस्था दाखवायची, अशा छोट्या माहितीपटांना आपल्याकडे सरसकट 'साहसपट' म्हणतात. कोल्हापूरला सिनेमा नवा नाही, तेव्हा इथल्या चित्रपटसृष्टीचा आरंभ पुन्हा सांगायची गरज नाही. साहस आणि पर्यावरण एका पडद्यावर कसे आले आणि चित्रपटात नदीचं किंवा सड्याचं, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराचं, नाव सांगायचं की नाही हा वाद त्यातून कसा उभा राहिला, एवढंच इथे पाहायचं आहे.

१९२२ आणि १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमांबरोबर चित्रपटाचा कॅमेरा गेला. १९५२ मध्ये इटलीतल्या ट्रेंटोत आणि १९७६ मध्ये कॅनडातल्या बॅन्फमध्ये पर्वतपटांचे महोत्सव सुरू झाले. या काळातल्या बहुतेक चित्रपटांचा गाभा शिखर होता आणि निसर्ग प्रतिस्पर्धी. मराठीत तर शब्दच लढाईचा आहे: गड सर होतो तसा सुळकाही 'सर' होतो. यामागे फिल्मच्या किमतीचंही कारण होतं. १६ मिलिमीटरचं १०० फुटांचं रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने पावणेतीन मिनिटांत संपतं. पाठीवरून वाहून नेलेली अशी मोजकी रिळं तळावरच्या कचऱ्यावर कोण खर्च करणार? ती शेवटच्या चढाईसाठी राखून ठेवली जात.

वळण आलं ते पाण्यातून. डोंगर चढणाऱ्याला घाण दिसते, पाण्यात खेळणाऱ्याच्या ती तोंडात जाते. १९९० मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरचे सर्फर समुद्रात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध संघटित झाले. कॅलिफोर्नियात युबा नदीवरच्या नव्या धरणांविरुद्ध झगडलेल्या नागरिकांनी २००३ मध्ये पर्यावरणपटांचा महोत्सव सुरू केला आणि त्यात कयाकिंगच्या व गिर्यारोहणाच्या चित्रपटांना जागा दिली. साहसपट हे पर्यावरणाचं माध्यम ठरलं ते इथून. महाराष्ट्रात गिरिप्रेमींच्या संमेलनांतून आणि पुण्यात रुजलेल्या, पुढे कोल्हापुरातही येऊ लागलेल्या पर्यावरणपट महोत्सवातून हे चित्रपट लोकांपर्यंत पोहोचले.

मग हेल्मेटवर बसणारा छोटा डिजिटल कॅमेरा आला आणि रिळाची काटकसर संपली. त्याने नव्या अडचणीही आणल्या. त्याचं रुंद कोनाचं भिंग तीव्र उतार सपाट दाखवतं. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरून उतरणारी घसरडी वाट पडद्यावर बागेतल्या पायवाटेसारखी दिसते, कारण चौकटीत उभी वस्तू नसते. उतारावर एखादं झाड किंवा उभा माणूस बाजूने टिपला, तरच कोन कळतो. दुसरी अडचण आतून धुकं धरण्याची. खोलीतल्या उबदार, दमट हवेत पाणीरोधक कवच बंद केलं आणि कॅमेरा गार पाण्यात गेला, की आतली वाफ काचेच्या आतल्या बाजूवर जमते. बाहेरून कितीही पुसलं तरी उपयोग नाही. कवच कोरड्या हवेत बंद करायचं, आत सिलिका जेलची पट्टी ठेवायची आणि दिवसभर ते उघडायचं नाही.

कोल्हापुरात मात्र खरी गफलत ऋतूची होते, आणि ती समजायला बंधारा समजून घ्यावा लागतो. आपल्या नद्यांवर ठरावीक अंतराने 'कोल्हापूर पद्धतीचे' बंधारे आहेत: दगडी खांब, खांबांना खाचा आणि खाचांत बसवलेले बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या. पावसाळ्याआधी बरगे काढतात, पावसाळा सरला की पुन्हा घालतात. बरगे असताना पंचगंगा ही वाहती नदी राहत नाही, एकापुढे एक तळी होतात. शहरातल्या नाल्यांचं सांडपाणी आणि खालच्या भागातलं औद्योगिक पाणी त्या तळ्यांत साचतं, जलपर्णी पसरते. फेब्रुवारी ते मे हा नदीचा सर्वांत वाईट काळ. त्यात वळवाच्या पहिल्या जोरदार पावसाने नाले धुऊन निघाले किंवा साठलेलं पाणी एकदम खाली सुटलं, की पाण्यातला प्राणवायू कोसळतो आणि मासे मरतात.

कयाकचं चित्रण मात्र जुलै-ऑगस्टमध्ये होतं, कारण तेव्हाच पाण्याला वेग असतो. त्या वेळी नदी लाल, फुगलेली असते आणि तिच्यातली घाण पातळ झालेली असते. प्रदूषण असतं, पण दिसत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर कॅमेरा पुरावरच खिळला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी शाळकरी मुलांनाही पाठ आहे, पण मार्चमध्ये त्याच बंधाऱ्यामागच्या पाण्यात प्राणवायू किती, हे कुणाला विचारून पाहावं. फक्त पावसाळ्यात चित्रित केलेला नदीपट नदीची चुकीची साक्ष देतो.

पावसाळी चित्रणात जिवाचा धोकाही याच बंधाऱ्यांचा. पाणी बंधाऱ्यावरून पडतं तिथे खाली ते उलटं फिरतं आणि होडी, माणूस, ओंडका पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. वरून हा पट्टा शांत दिसतो. खांबांच्या गाळ्यांत अडकलेली झाडंझुडपं आणखी वाईट: पाणी त्यांतून जातं, माणूस अडकतो. म्हणून बंधारा होडीतून ओलांडायचा नाही. वरच्या बाजूला बऱ्याच आधी काठाला लागून, होडी खांद्यावर घेऊन खाली जायचं. दृश्य हवंच असेल तर काठावरून घ्यावं.

आता वादाचा मुद्दा. चित्रपटात जागेचं नाव सांगायचं की नाही?

न सांगण्याचा आग्रह सड्यांमुळे आला. जांभ्या कातळाच्या या पठारांवर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू फुलतात. चाक एकदा गेलं की चाकोरीत पाणी साचतं आणि ओलाव्याचं गणितच बदलतं. पायाखाली दबलेल्या मातीत पुढच्या वर्षीचं बी धरत नाही. सुटे दगड उचलून फोटोसाठी मनोरे रचले, तर दगडांखालच्या जिवांचा आसरा जातो. कास पठारावर गर्दी इतकी वाढली की दिवसाला किती माणसं सोडायची याची मर्यादा घालावी लागली. पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीच्या वाटेवरचं मसाई पठारही जुलैत हजारो पावलं सोसतं.

सांगण्याच्या बाजूचं म्हणणंही हलकं नाही. पायथ्याच्या गावाला न्याहारी-निवासातून चार पैसे मिळतात, ते नाव झाकल्यावर कसे मिळणार? जागा ठाऊक असलेल्या शहरी मंडळींनी ती आपल्यापुरती राखावी, हा न्याय कुठला? शिवाय ज्या जागेचं नावच लोकांना माहीत नाही, तिथे उद्या खाण आली तर विरोधाला कोण उभं राहणार?

हा वाद अनेक वर्षं एकाच उत्तरासाठी भांडला गेला, आणि घोळ तिथेच आहे. नदी आणि सडा यांना एक नियम लावता येत नाही. नदीला धोका नजरेआड राहून घाण सोडणाऱ्या माणसांचा आहे, सड्याला येणाऱ्या माणसांचा. 'एका नदीची व्यथा' असं मोघम शीर्षक दिलेल्या चित्रपटामुळे कुणालाही जाब द्यावा लागत नाही. तिथे नाला, बंधारा, तारीख, वेळ सगळं हवं. सड्याच्या बाबतीत तालुक्याच्या पुढे जाऊ नये. गावाने ग्रामसभेत ठरवून नाव द्यायला सांगितलं, तर मात्र गावाचा शब्द शेवटचा. खाणीचा धोका समोर आलाच, तर नाव जाहीर करायला एक दिवस पुरतो. तुडवलेला सडा मात्र एका दिवसात परत येत नाही.

नाव न सांगणं म्हणजे केवळ निवेदनात गाळणं नव्हे. फोनमधलं स्थाननोंदीचं बटण आधी बंद करावं लागतं, नाहीतर फाइलमध्ये अक्षांश-रेखांश जातात. एसटीची पाटी, मैलाचा दगड, देवळाची कमान चौकटीबाहेर ठेवावी. डोंगराची क्षितिजरेषा सर्वांत मोठी चहाडखोर: सह्याद्री फिरलेला माणूस दोन कड्यांमधल्या खाचेवरून जागा ओळखतो. म्हणून सड्यावर कॅमेरा खाली, फुलांच्या पातळीला ठेवावा. त्यासाठी तिपाई उघड्या कातळावर टेकवावी, मातीवर नाही.

नदीचं नाव घ्यायचं तर पुरावा तेवढाच पक्का हवा. नाला मिळतो त्याच्या वर आणि खाली, एकाच तासात, दोन नमुने घ्यावेत. प्राणवायूसाठी ३०० मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली भरून पाण्याखालीच बंद करावी. आत बुडबुडा राहिला तर आकडा खोटा वाढतो. रसायनं काठावरच टाकून प्राणवायू स्थिर करावा लागतो. जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, ती मोजायची वेगळी बाटली बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत जाते आणि तिथे २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवतात. आंघोळीयोग्य पाण्याला लिटरमागे प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम आणि ही मागणी ३ मिलिग्रॅमपर्यंत, असा देशातला निकष आहे. पडद्यावर आकड्याशेजारी निकष दाखवला तरच तो प्रेक्षकाला काही सांगतो.

कायद्याचं थोडक्यात. राधानगरीसारख्या अभयारण्यात शिरून चित्रण करायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली परवाना लागतो. तिथे पूर्वी फक्त 'छायाचित्रण' हा शब्द होता. २०२२ च्या दुरुस्तीने अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांना बाधा न आणता केलेलं चित्रपटनिर्माणही त्यात आलं. २५० ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनला २०२१ च्या नियमांत बरीच सवलत आहे, पण तिच्या जोरावर अभयारण्यात ड्रोन उडवता येत नाही. कड्यावर तर परवान्याआधी दुर्बीण हवी. कपारीखाली आग्यामोहोळ असेल तर ड्रोनच्या आवाजाने ते उठतं. ड्रोन उडवणारा पळू शकतो, दोराला लटकलेला आरोहक पळू शकत नाही.

अलीकडच्या काही नदीपटांत दोन ऋतूंची एकच चौकट दाखवण्याची पद्धत आली आहे: काठावर एक खूण ठरवायची आणि तिथूनच ऑगस्टमध्ये कयाक, मार्चमध्ये जलपर्णी टिपायची. त्यासाठी पावसाळ्यात बुडणार नाही असा घाटाचा वरचा दगड निवडावा लागतो, आणि प्रत्येक दृश्याखाली बंधाऱ्याचं नाव, तारीख आणि बरगे घातलेले होते की काढलेले, हे लिहावं लागतं.