ट्रिबल्सवर हसायला हरकत कोणाची होती?

'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेच्या मूळ अवतारातला 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' हा भाग लोकप्रिय आहे, याबद्दल वाद नाही. सर्वोत्तम भागांच्या कुठल्याही यादीत तो बहुतेक वेळा वरच असतो. वाद आहे तो पुढच्या वाक्यावर. 'मजेशीर आहे, पण हे काही खरं स्टार ट्रेक नव्हे,' असं म्हणणारा प्रेक्षक दर पिढीत भेटतो. हा आक्षेप प्रेक्षकांच्या डोक्यातून निघालेला नाही. २९ डिसेंबर १९६७ ला हा भाग दाखवला गेला, त्या सुमारास मालिका बनवणाऱ्यांमध्येच त्यावरून कुरबुर चालू होती. कथा थोडक्यात अशी: ट्रिबल्स नावाचे भराभर वाढणारे केसाळ प्राणी कॅप्टन कर्कच्या अंतराळयानात आणि एका अंतराळ स्थानकावर पसरतात, आणि शर्मनच्या ग्रहासाठी ठेवलेलं तिथल्या कोठारातलं धान्य फस्त करतात; त्या ग्रहावर कर्कच्या बाजूचे विरोधक क्लिंगॉनही टपलेले असतात. आता त्या कुरबुरीकडे वळतो.

लेखक तेव्हा २३ वर्षांचा होता आणि व्यावसायिक म्हणून विकलं गेलेलं हे त्याचं पहिलंच लेखन. त्याच्या मनात ऑस्ट्रेलियातले ससे होते. निरुपद्रवी दिसणारा प्राणी नव्या जागी नेऊन सोडला आणि त्याला खाणारं तिथे कोणी नसलं की काय होतं, ही मूळ कल्पना. म्हणजे विषय पर्यावरणाचा, विनोद नंतर चढला. यानावरचा विज्ञान अधिकारी स्पॉक जो १७,७१,५६१ हा ट्रिबल्सचा आकडा सांगतो तोही हवेतला नाही. सुरुवातीला एक ट्रिबल, दर बारा तासांनी प्रत्येकी सरासरी दहा पिल्लं, तीन दिवसांत सहा पिढ्या, म्हणजे अकराचा सहावा घात. गणित बरोबर येतं, फक्त तीन दिवसांत एकही ट्रिबल मरता कामा नये.

१९५२ च्या एका गाजलेल्या किशोर कादंबरीत मंगळावरचे असेच भराभर वाढणारे लोकरी प्राणी आहेत, हे संहिता तयार झाल्यावर तपासणाऱ्यांच्या लक्षात आलं. कादंबरीकाराला विचारणा झाली. त्याने पैसे मागितले नाहीत, सही केलेली एक प्रत तेवढी मागितली. त्याच्याही आधी, १९०५ मध्ये, गिनीपिगच्या वाढत्या लेंढाराची एक अमेरिकन विनोदी कथा होतीच. तरीही 'चोरी' हा शब्द अधूनमधून कोणीतरी काढतं. मला तो फार जड वाटतो.

खरा गुंता विनोदाचा. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या निम्म्यात मालिकेची दैनंदिन सूत्रं ज्या निर्मात्याकडे होती, त्याला पात्रांमधली चेष्टामस्करी मनापासून आवडायची. स्पॉक आणि यानावरचा डॉक्टर मॅकॉय यांच्यातली जुगलबंदी रंगली त्यात त्याचा वाटा मोठा. ट्रिबल्सच्या संहितेला त्याने वाव दिला. सहनिर्मात्यांपैकी एकाला मात्र हे पटलं नाही. इथे पात्रं स्वतःचीच टिंगल करताहेत, अशाने पुढच्या आठवड्यात त्यांच्यावरच्या संकटावर कोण विश्वास ठेवणार, अशी त्याची हरकत होती. मालिकेच्या जनकालाही हा कल फारसा रुचला नव्हता.

ही माणसं रुक्ष होती असं समजायचं कारण नाही. त्यांना काय दिसत होतं ते बघा. 'आय, मड' आणि ट्रिबल्स हे दोन्ही विनोदी भाग लागोपाठ चित्रित झाले. सेटवर पंधरवडाभर हशाच हशा. त्यांच्या जागी कोणालाही गाडी रुळावरून घसरतेय असं वाटलं असतं. घरी बसलेल्या प्रेक्षकाला मात्र 'आय, मड' ३ नोव्हेंबरला दिसला आणि ट्रिबल्स त्यानंतर आठ आठवड्यांनी. मधल्या काळात गंभीर भाग येऊन गेलेले. १२ जानेवारी १९६८ ला गुंडांच्या ग्रहाचा 'अ पीस ऑफ द अ‍ॅक्शन' आला तेव्हा कुठे दहा आठवड्यांत तीन विनोदी भाग असा हिशेब जुळला. म्हणजे बनवणाऱ्यांना जी दाटी जाणवली ती पाहणाऱ्यांना त्या प्रमाणात जाणवलीच नाही. माझ्या मते हा वाद इतका चिवट राहण्याचं कारण इथे आहे: आक्षेप एका क्रमावर होता, आणि पुढे तो एका भागाला चिकटला.

तो चिकटवला तिसऱ्या पर्वाने. नव्या निर्मात्याने ट्रिबल्सच्या पुढच्या भागाची कल्पना फेटाळली. स्टार ट्रेक हा विनोदी कार्यक्रम नाही, असं त्याने सांगितल्याचं लेखकाने नंतर लिहिलं आहे. तिसरं पर्व मालिकेतलं सर्वांत कमकुवत मानलं जातं, त्यामुळे या निर्णयाला प्रेक्षकांकडून सहानुभूती मिळणं अवघडच. फेटाळलेली कल्पना १९७३ च्या अ‍ॅनिमेशन मालिकेत वापरली गेली.

१९६८ च्या ह्यूगो या विज्ञानकथा पुरस्काराचा दाखला दोन्ही बाजू देतात. त्या वर्षी नाट्य विभागातली पाचही नामांकनं याच मालिकेची होती आणि त्यांत ट्रिबल्स होता. जिंकला मात्र 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' हा शोकांत भाग. एक गट नामांकनाकडे बोट दाखवतो, दुसरा निकालाकडे.

विनोदावरचा आक्षेप मला तरी पटत नाही. शर्मनच्या ग्रहावरून चाललेला वाद खरा आहे, धान्यातलं विष खरं आहे, क्लिंगॉन हेर खरा आहे. क्रमाक्रमाने चिडत जाणारा कर्क आपण विनोदी भागात आहोत असं समजून वागत नाही. कोठाराचं दार उघडून ट्रिबल्स अंगावर कोसळतात तेव्हाही नाही. पडून गेल्यावरही एकेक ट्रिबल टपकत राहतो, कारण मागून फेकणाऱ्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. शेवट मात्र खरोखर डळमळीत आहे. यानाचा अभियंता स्कॉटी सगळे ट्रिबल्स क्लिंगॉन जहाजाच्या इंजिन कक्षात पाठवून देतो आणि सगळे हसतात. तिथे त्यांचं काय होणार हे उघड असताना दयाळू म्हणवणारं पथक हसतं कसं, हा प्रश्न अलीकडचे प्रेक्षक विचारतात. विनोद असावा की नसावा यापेक्षा हा प्रश्न कितीतरी वजनदार आहे.

त्याचं उत्तर मालिकेनेच दिलं, पण १९९६ मध्ये. तिसाव्या वर्धापनदिनानिमित्त 'डीप स्पेस नाइन' या स्टार ट्रेकच्याच नंतरच्या मालिकेने आपली पात्रं जुन्या चित्रफितीत बेमालूम मिसळून त्याच स्थानकावर नेली. 'ट्रायल्स अँड ट्रिबल-एशन्स' नावाच्या या भागात कळतं की क्लिंगॉनांनी ट्रिबल्सना साम्राज्याचे शत्रू ठरवलं आणि त्यांचा मूळ ग्रहच नष्ट केला. या मालिकेतला क्लिंगॉन वॉर्फ हे अभिमानाने सांगतो, त्याचा सहकारी ओडो उपरोधाने ऐकतो. कर्कच्या डोक्यावर ट्रिबल्स टपकत का राहिले, याचाही खुलासा होतो: वर बसून याच मालिकेतले सिस्को आणि डॅक्स ते खाली टाकत होते. नंतरच्या क्लिंगॉनांसारखे जुन्या क्लिंगॉनांच्या कपाळावर उंचवटे का नाहीत, या प्रश्नावर वॉर्फ फक्त एवढंच म्हणतो की आम्ही बाहेरच्यांशी यावर बोलत नाही. या वाक्याने २००५ पर्यंत काम भागवलं. मग स्टार ट्रेकच्याच 'एंटरप्राइझ' मालिकेने रीतसर कारण दिलं आणि गंमत थोडी कमीच झाली.

या १९९६ च्या भागाने जुन्या भागाबद्दलचं मत बदललं, हे मान्य करायला हवं. त्यानंतर ट्रिबल्स नुसता एक विनोदी भाग राहिला नाही. तो मालिकेच्या इतिहासातला मुक्काम ठरला. आज अनेक जण दोन्ही भाग जोडून बघतात आणि मत देतात ते जोडीवर. पहिल्यातली संथ सुरुवात, धान्याची जबाबदारी असलेल्या अधिकारी बॅरिसची किरकिर, त्यामुळे सहज खपून जाते.

१० ऑक्टोबर २०१९ ला आलेल्या 'द ट्रबल विथ एडवर्ड' या लघुभागाने मात्र पुन्हा फूट पाडली. त्यात एक हेकट शास्त्रज्ञ स्वतःचे जनुक मिसळून ट्रिबल्सना इतकं प्रजननक्षम करतो, आणि जहाज बुडतं. काहींना हा काळा विनोद फार आवडला. काहींची तक्रार वेगळी आहे: माणसाने केलेली चूक म्हटली की ऑस्ट्रेलियातल्या सशांची मूळ कल्पनाच उरत नाही. शिवाय त्यातून एका जहाजाची वाट लागल्यानंतरही काही वर्षांनी मॅकॉय या प्राण्याकडे नवलाने का बघतो, हेही सुटत नाही. अर्थात तो घोळ २०१९ चा एकट्याचा नाही. २००३ च्या 'एंटरप्राइझ'मध्ये डॉक्टर फ्लॉक्स, मॅकॉयच्या शंभरेक वर्षं आधी, आपल्या पाळीव प्राण्यांना ट्रिबल्स खाऊ घालतानाच दिसतो.