अंड्यांचे ट्रे लावून खोली साउंडप्रूफ होत नाही

"भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा, घरच्या घरी साउंडप्रूफ स्टुडिओ तयार." अहिराणी गाणी घरीच रेकॉर्ड करून लग्नसराईत चार पैसे कमावणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या पोरांना हा सल्ला हमखास मिळतो. ट्रे लावल्यावर खोली थोडी कमी घुमते, म्हणून तो पटतोही.

पण घुमणं कमी होणं वेगळं आणि आवाज अडणं वेगळं. आवाज अडवायला वजन लागतं, शिवाय कुठे फट राहता कामा नये. ट्रे म्हणजे कागदाचा हलका लगदा. तो वरच्या पट्टीतला आवाज थोडाफार शोषतो, बस. 100 हर्ट्झच्या, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजाची तरंगलांबी (एका लाटेची लांबी) साधारण 3.4 मीटर असते. दीड-दोन इंचांचे खळगे ट्रॅक्टरची घरघर किंवा ढोलाचा दणका काय अडवणार?

खात्री करायची तर मोबाइलवर गाणं लावा आणि तो सगळीकडून ट्रेंनी झाका. आवाज आरामात ऐकू येतो. मग तोच मोबाइल धान्याच्या कोठीत ठेवून झाकण घट्ट लावा. फरक लगेच कळेल.

शिवाय हा लगदा चटकन पेट घेतो, आणि अशा खोलीत वायरींचं जंजाळ असतंच.

त्यापेक्षा दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवा, गाणाऱ्याच्या मागे आणि बाजूंना जाड गोधड्या टांगा, माइक तोंडाजवळ घ्या. घाम आला तरी कूलर बंदच ठेवा. वर पत्रे असतील तर पाऊस थांबेपर्यंत रेकॉर्डिंग नको. त्यावर स्वस्तातला उपाय नाही.