शीटमध्ये ‘सेफ’ आलं म्हणजे बीम सेफ?

सांगली-साताऱ्याकडे बांधकामवाल्यांमध्ये बीमच्या हिशेबाची एक एक्सेल शीट फिरते, सोबत एक ओळ: मापं टाका, ‘सेफ’ आलं की सळई मागवा. शीट वाईट नाही, मीही वापरतो. पण ती दिलेल्या आकड्यांचंच गणित करते.

वहीवर पडताळा घेता येतो. दोन्ही टोकांना नुसता टेकलेला ४ मीटरचा बीम, स्वतःच्या वजनासकट मीटरला १० किलोन्यूटन भार. भार गुणिले लांबीचा वर्ग, भागिले ८: मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा जोर, २० किलोन्यूटन-मीटर. सुरक्षिततेसाठी दीडपट केलं की ३०. प्रभावी खोली (बीमच्या वरच्या कडेपासून खालच्या सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर) ३५० मिमी आणि सळई ५०० ग्रेडची असेल, तर साधारण २२० चौरस मिमी छेदाचं स्टील, म्हणजे खाली १२ मिमीच्या दोन सळया. शीटचं उत्तर फारच वेगळं आलं तर सूत्रं उघडून बघा. सूत्राच्या जागी कुणीतरी थेट आकडा टाइप केलेला सापडू शकतो.

हाच हिशेब गॅलरीला लावू नका. एकाच टोकाला धरलेल्या कँटिलिव्हरला ८ ऐवजी २ ने भागायचं, म्हणजे मोमेंट चौपट, आणि मुख्य सळई वरच्या अंगाला. साध्या बीमच्या शीटला हे कळत नाही, तिला फक्त लांबी दिसते. पाया कृष्णाकाठच्या काळ्या मातीत असेल, तर शीटमध्ये मुरमासाठी भरून ठेवलेला धारणक्षमतेचा, म्हणजे जमीन किती भार पेलते त्याचा, आकडा आधी पुसा.