फाळके फिल्म्स
फाळके फिल्म्स : धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी मुंबईत दादर येथे काढलेली घरगुती चित्रपटनिर्मिती संस्था. कार्यकाल सु. १९१२ ते १९१७. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हा तिचा पहिला कथापट.

संस्थेचे मूळ फाळक्यांनी मुंबईत पाहिलेल्या ख्रिस्तपटाशी (येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपटाशी) जोडले जाते. तो त्यांनी केव्हा पाहिला याविषयी मतभेद आहेत. त्यांच्या स्वतःच्या आठवणीप्रमाणे तो १९१०चा नाताळ होता; नंतरचे काही अभ्यासक एप्रिल १९११मधील ईस्टर मानतात. आठवणी बऱ्याच वर्षांनी लिहिलेल्या असल्याने दुसरे मत अधिक संभाव्य वाटते. स्थापनेची तारीख सामान्यतः १ एप्रिल १९१२ दिली जाते व फाळके लंडनहून परतले तोही हाच दिवस सांगतात. पण तेथे मागविलेला विल्यमसन कॅमेरा मे महिन्यात पोहोचला. तेव्हा १ एप्रिल ही नाव धारण केल्याची तारीख समजावी आणि कामाचा आरंभ त्यानंतरचा धरावा, हे सयुक्तिक होय. पहिला प्रयोग रोपाच्या वाढीच्या लघुपटाचा. तो दाखवून भांडवल उभे केले गेले.

नावाच्या बाबतीत एक क्रम दिसतो. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी लोणावळ्यात काढलेल्या छापखान्यालाही फाळक्यांनी प्रथम आपलेच आडनाव दिले होते. भागीदार आल्यावर तो ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला. १९१८ मध्ये भागीदारांसह नाशिकला ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ निघाली, तेव्हाही आडनाव मागे पडले.

मधल्या काळात मात्र कंपनी म्हणजे फाळक्यांचे घरच होते. त्या वेळी कच्ची फिल्म कडांना छिद्रे न पाडलेली येई. दिवसाचे चित्रीकरण आणि मंडळींचा स्वयंपाक आटोपल्यावर पत्नी सरस्वतीबाई रात्री, पूर्ण अंधारात, केवळ हाताच्या अंदाजाने फिल्म यंत्रातून सरकवीत छिद्रे पाडीत. एखादे छिद्र चुकले तर कॅमेऱ्यात फिल्म अडकणार, हे त्या जाणून होत्या. रसायने कालवणे, फिल्म धुणे आणि चित्रीकरणात उजेड परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात उभे राहणे ही कामेही त्यांच्याकडे असत. ‘सहकार्य’ या एका शब्दात त्यांची बोळवण करणे अन्यायाचे आहे. तंत्रज्ञांच्या यादीत त्यांचे नाव असलेच पाहिजे. ‘राजा हरिश्चंद्र’मधील हरिश्चंद्रपुत्र रोहिदासाची भूमिका फाळक्यांचा मुलगा भालचंद्र याने केली.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात प्रदर्शित झाला. लांबी सु. ३,७०० फूट. त्याच वर्षी संस्था नाशिकला हलली. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ आणि ‘लंका दहन’ (१९१७) हे नंतरचे चित्रपट.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली व शेवटची रिळे आहेत. ती मूळ चित्रपटाची समजली जात. परंतु काही इतिहासकारांच्या मते ती १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा काढलेल्या आवृत्तीची आहेत. हे मत स्वीकारल्यास दादरच्या घरात धुतलेल्या त्या पहिल्या कथापटाचा एक फूटही शिल्लक नाही, असे म्हणावे लागते. या रिळांतील चित्रे छापताना खाली सरसकट १९१३ लिहिण्याची पद्धत म्हणूनच सोडून द्यावी.