बिया वेगवेगळ्या भाजा

नमस्कार. तुमच्या पिशवीत भोपळ्याच्या बिया, सूर्यफुलाच्या बिया, जवस, तीळ, कारळे यांपैकी काही असेल, तर हा कागद तुमच्यासाठी आहे. स्वयंपाकघरात भिंतीला लावून ठेवलात तरी चालेल.

“भाजून, मीठ लावून तयार पाकीट द्या ना,” असं आम्हाला बरेच जण सांगतात. पूर्वी आम्ही तसं देत होतो. पहिल्याच पावसाळ्यात पाकिटं परत यायला लागली. बिया मऊ पडलेल्या आणि जवसाला खवट वास. चूक आमचीच होती. बी कच्ची आणि अख्खी असते तोवर तिचं तेल आत जपलेलं राहतं. ती भाजली की तडकते, हवा आत शिरते आणि तेल बिघडायला सुरुवात होते. त्यातही जवस सगळ्यांत नाजूक. ज्या ओमेगा-३ साठी आपण तो आवर्जून खातो, तेच हवेनं सगळ्यांत लवकर खराब होतं. म्हणून आता आम्ही बिया कच्च्याच देतो. भाजायच्या तुम्ही, घरी, थोड्या थोड्या.

प्रमाण

भोपळ्याच्या सोललेल्या बिया १ वाटी, सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया १ वाटी, जवस अर्धी वाटी, तीळ अर्धी वाटी, कारळे २ मोठे चमचे. सगळं मिळून साधारण ३५० ग्रॅम भरतं. चार माणसांच्या घरात चार-पाच दिवस पुरतं आणि एका वेळी तेवढंच करावं. कारळे आवडत नसतील तर वगळा, पण एकदा घालून बघा. मिश्रणाला जो खमंगपणा येतो तो त्यांचाच.

भाजणं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. वेळ वाचवायला सगळ्या बिया एकदम कढईत टाकल्या, की भोपळ्याची बी कच्ची असतानाच तीळ करपतात आणि पूर्ण बरणी कडू होते. “तुमच्या बिया कडू निघाल्या” ही तक्रार घेऊन आलेल्यांना आम्ही आधी एकच विचारतो, एकत्र भाजल्या होत्या का? उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ येतं.

जाड बुडाची कढई घ्या, आच मंद ठेवा, तेल अजिबात नको. आधी भोपळ्याच्या बिया. अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर हळद दोन चमचे पाण्यात विरघळवून ते पाणी बियांना चोळा, दहा मिनिटं तसंच राहू द्या आणि मग भाजायला घ्या. पाणी आटतं, मीठ बीला चिकटून बसतं. वरून भुरभुरवलेलं मीठ बरणीच्या तळाशी जाऊन बसतं, तसं इथे होत नाही. सहा-आठ मिनिटांत बिया फुगतात, फट् फट् आवाज येतो. लगेच ताटात काढा. लोखंडी कढई गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली असते, त्यामुळे बिया कढईतच ठेवू नका.

सूर्यफुलाच्या बियांनाही हेच मिठाचं पाणी चालतं. कडा गुलाबीसर झाल्या की त्या झाल्या.

जवसाला मात्र पाण्याचा थेंबही लावू नका. ओला झाला की तो बुळबुळीत होतो, गोळे धरतो आणि नीट भाजलाच जात नाही. कोरडाच टाका आणि वर झाकण हाताशी ठेवा, कारण तो तडतड उडतो. तीन-चार मिनिटांनी आवाज कमी व्हायला लागला की दोन दाणे दाताखाली धरून बघा. कुडकुडीत फुटले तर झाले, दाताला चिकटले तर अजून मिनिटभर.

तीळ दोन-तीन मिनिटांत होतात. फुगून उडायला लागले की थांबा, रंग बदलायची वाट बघू नका. कारळे काळेच असतात, त्यामुळे रंगावरून काहीच कळत नाही. वास सुटला आणि दाणा चिमटीत सहज चुरला गेला, की उतरवा.

आता रिकाम्या कढईत अर्धा चमचा तेल, पाव चमचा हिंग आणि कढीपत्त्याची दहा-बारा पानं कुरकुरीत होईपर्यंत परता. गॅस बंद करून सगळ्या बिया घाला, हवं तर थोडं तिखट आणि आमचूर घालून हलवा. लिंबू पिळायचं असेल तर खाताना वाटीत पिळा. बरणीत ओलावा गेला की सगळी मेहनत वाया.

पूर्ण गार झाल्यावरच काचेच्या बरणीत भरा. कोमट असताना भरलं तर झाकणाला आतून वाफ धरते.

किती खायचं, कोणी जपून खायचं

मोठे दोन चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम. बिया पौष्टिक आहेत, पण तेलानं भरलेल्या आहेत. एवढ्याशा खाण्यात ११० ते १२० कॅलरी जातात, म्हणजे जवळजवळ एका पोळीएवढ्या. भोपळ्याच्या १०० ग्रॅम सोललेल्या बियांत ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शिवाय झिंक आणि मॅग्नेशियम. सूर्यफुलातून ई जीवनसत्त्व मिळतं. तिळातलं कॅल्शियम बरंचसं सालीत असतं, म्हणून आम्ही पॉलिश न केलेले तीळ ठेवतो. ते दिसायला मळकट असतात, जुने नसतात.

जवस अख्खा गिळला तर बराचसा तसाच बाहेर पडतो. नीट चावून खा. आजी-आजोबांना चावत नसेल तर त्यांच्या वाट्याचा जवस भरड करून द्या, आणि त्यावर पाणी पुरेसं प्यायला सांगा. लहान मुलांना अख्ख्या बिया देऊ नका, घशात अडकतात. कूट करून भातावर किंवा पोळीच्या लाटीत घाला. तिळाची ॲलर्जी काहींना असते आणि ती जोरात येऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रोज जवस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणखी एक गोष्ट, ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्यासाठी, आणि ही आम्ही हात जोडून सांगतो. पेरणीसाठी आणलेलं सूर्यफुलाचं किंवा तिळाचं उरलेलं बियाणं कधीही खायला घेऊ नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. लाल, गुलाबी, हिरवा असा रंग त्यासाठीच दिलेला असतो आणि बियाणं धुतल्यानं किंवा भाजल्यानं विष जात नाही.

कच्च्या बिया कशा ठेवायच्या

जवस हे रब्बीचं पीक, नवा माल साधारण फेब्रुवारी-मार्चनंतर येतो. कारळे, ज्यांना नाशिक आणि नगरकडच्या अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात खुरासणी म्हणतात, ते पावसाळ्यानंतर पिवळ्याधमक फुलांनी उतार झाकतात आणि दिवाळीनंतर बाजारात येतात. नवा माल निघाल्यावर वर्षाचा साठा करू नका. दोन महिन्यांचा घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात उन्हापासून दूर ठेवा, पावसाळ्यात शक्य असेल तर फ्रिजमध्ये. दळलेला जवस मात्र फ्रिजमध्येही आठवड्याच्या वर ठेवू नये. शंका आली तर एक दाणा चावा. जिभेवर रंगाच्या डब्यासारखा वास राहिला तर तो माल टाकून द्या, आणि आमच्याकडून घेतलेला असेल तर परत आणा. बदलून देऊ.

बरणीच्या तळाशी शेवटी तीळ, कारळे आणि मसाला एवढंच उरतं. ते टाकू नका. लसणाच्या चार पाकळ्या आणि चमचाभर तिखट घालून खलबत्त्यात कुटा. भाकरी आणि दह्याबरोबर त्याच दिवशी संपवा.