पेट्या उतरवल्या, पण सीट ‘खट्ट’ वाजली का?

आंब्याच्या हंगामात गाडीतून पेट्या नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

मार्चअखेरीस पेट्या सुटायला लागल्या की आमच्या गॅरेजचा फोन दोनच कारणांनी वाजतो. “मागची सीट हलतेय, जरा बघता का?” हे एक. “मागचा बेल्टच सापडत नाही,” हे दुसरं. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. पेट्या ठेवायला सीटची पाठ पाडली, पुण्याला जाऊन पेट्या उतरवल्या, पाठ परत उभी केली, आणि ती नीट बसली की नाही हे कोणी पाहिलंच नाही.

मग गाडी आमच्याकडे येते. आम्ही कव्हर सोडतो, लॉक साफ करतो, बेल्ट बाहेर काढतो. पाऊण तास जातो. दिवसाला असे पाच जण आले की ज्याचा क्लच खरोखर गेलाय तो बाहेर बाकावर बसून राहतो. म्हणून हा कागद. वाचून झाला की ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.

पाठ पाडताना आणि उभी करताना

बऱ्याच गाड्यांत सीटच्या पाठीला वरच्या कोपऱ्यात लॉक असतं आणि बॉडीवर जाड सळीची कडी असते. पाठ मागे ढकलली की लॉकचं तोंड त्या कडीला पकडतं. तोच ‘खट्ट’ आवाज. आता पाठ पुढे पाडल्यावर काय होतं बघा. एरवी मागे डिक्कीकडे असलेलं लॉकचं तोंड आ वासून वर, छताकडे होतं. त्यावर आपण पेट्या रचतो. फळ्यांच्या फटीतून भाताचा पेंढा झडतच असतो. आंबा घाटाच्या वळणांवर तो आणखी झडतो आणि सरळ त्या तोंडात जाऊन बसतो. परत येताना पाठ उभी केली तर ती दिसायला उभी राहते, पण लॉक अर्धंच लागलेलं असतं.

दुसरं कारण बेल्ट. पाठ पाडताना बाजूचा बेल्ट मोकळा लोंबत असतो. पाठ वर येताना तो लॉक आणि कडी यांच्यामध्ये येतो किंवा पाठीमागे डिक्कीत जातो. पहिल्या प्रकारात लॉक लागत नाही आणि बेल्टही चिरडतो. दुसऱ्या प्रकारात लॉक लागतं, पण मागे बसलेली आजी बेल्ट शोधत बसते आणि शेवटी “राहू दे रे, इथल्या इथे तर जायचंय” म्हणते. पाठ पाडण्याआधी बेल्ट बाजूच्या खांबाकडे ओढून घ्या. तिथे बहुतेक गाड्यांत प्लॅस्टिकची खाच किंवा हूक असतो, तो त्यासाठीच दिलेला आहे. नसेल तर बेल्ट बाजूला धरायला दुसरा माणूस घ्या. बारा वर्षांचा मुलगाही चालतो, एक हात धरला की झालं.

तिसरं कारण छोट्या गाड्यांत जास्त दिसतं. ज्या गाडीत मागची पाठ एकसंध आहे, म्हणजे साठ-चाळीस अशी दोन तुकड्यांत पडत नाही, तिला दोन लॉक असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. आपण उभे असतो एका दरवाज्यात. तिथूनच ढकलतो, तिथलं लॉक ‘खट्ट’ वाजतं आणि आपण दार लावतो. पलीकडचं लॉक उघडंच राहतं. खड्ड्यात सीट खडखडते ती यामुळे. दुसऱ्या बाजूला जाऊन तिथूनही ढकला. एकसंध पाठीला आवाज दोन यायला हवेत.

आवाजावर विश्वास नसेल तर डोळ्यांनी पाहा. बऱ्याच गाड्यांत लॉक लागलं नाही तर पाठ सोडायच्या खटक्याशेजारी लाल खूण दिसत राहते. ती नसेल तर हेडरेस्ट धरून पाठ पुढे जोरात ओढा. हलायला नको. हेडरेस्टवरून आठवलं: पाठ सपाट व्हावी म्हणून काढलेले हेडरेस्ट बागेत किंवा घरच्या ओटीवर राहतात आणि माणसं त्याविना पुण्यापर्यंत बसून जातात. ते पुढच्या सीटखाली सरकवून ठेवायची सवय लावा.

पाठ बसतच नसेल तर आमच्याकडे येण्याआधी एक करून बघा. पाठ पाडलेली असताना लॉकच्या तोंडात काही अडकलं किंवा कोणी बोट घातलं तर आतला जबडा कडी नसतानाच मिटतो. मग कितीही ढकला, कडी आत जात नाही. खटका पूर्ण ओढा, जबडा उघडेल, मग ढकला. अर्धे फोन एवढ्यावरच मिटतील. मात्र स्क्रू ड्रायव्हर घालून जबडा उचकटू नका. आणि लॉकमध्ये किंवा बेल्टच्या बकलमध्ये खोबरेल, इंजिन ऑइल काहीही सोडू नका. पेंढा आणि तेल मिळून जो चिकट लगदा होतो तो काढायला आम्हाला बकलच बदलावं लागतं, आणि बकलची किंमत बघून तुम्ही आमच्यावरच रागावता. दात घासायचा जुना ब्रश आणि सायकलचा पंप पुरे.

मुळात पेंढा आत जाऊच नये यासाठी पाठ पाडल्यावर जुनी चादर अंथरा, लॉकची दोन्ही तोंडं झाकून. ताडपत्री सरकते, चादर सरकत नाही.

एवढं काय त्यात?

असं काही ग्राहक विचारतात. सगळ्यांत सोपं गणित सांगतो. पाच डझनांची पेटी लाकडासकट पंधरा-सोळा किलोच्या खाली येत नाही. सहा पेट्या म्हणजे जवळजवळ शंभर किलो. डिक्कीत ठेवलेल्या या ढिगाला पुढे येऊ न देणारी वस्तू गाडीत एकच, ती सीटची पाठ. आणि पाठीला धरून ठेवणारं ते लॉक. साखरप्याजवळ म्हैस आडवी आली आणि नुसता कचकन ब्रेक मारला, तरी तो ढीग जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढा जोर पुढे लावतो. टक्कर झाली तर बोलायलाच नको. पन्नासच्या वेगात गाडी थांबली तर आतली सुटी पेटी तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखी पुढे येते, आणि वाटेत मागे बसलेल्या माणसांची डोकी असतात.

मागच्या बेल्टबद्दल एरवी कोणी विचारत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, ते दोघे गेले आणि पुढचे दोघे वाचले. त्यानंतर दोन-तीन महिने आमच्याकडे “मागचे बेल्ट बाहेर काढून द्या” म्हणून रांग होती. तेव्हा कळलं की कितीतरी गाड्यांत बकल सीट कव्हरखाली गाडलं गेलं होतं. कव्हर बसवणाऱ्याला भोक पाडायचा कंटाळा, दुसरं काय. आमच्याकडे कव्हर घेतलंत तर मागची तिन्ही बकलं वर काढून, शिवणीत जागा ठेवूनच देतो. ज्या गाडीच्या पुढच्या सीटच्या कुशीत एअरबॅग आहे तिला आम्ही साधं कव्हर बसवत नाही. त्या बाजूची शिवण एअरबॅग फुगताना उसवेल अशी असावी लागते. असं कव्हर महाग पडतं. ते नको असेल तर कव्हर न घालता गाडी वापरा, पण साधं मागू नका.

पेट्या कशा ठेवायच्या

यात नवीन काही नाही. जड खाली, हलकं वर, आणि पहिली ओळ पाठीला घट्ट चिकटवून. रचलेला ढीग पाठीच्या उंचीच्या वर जाऊ देऊ नका. मागची काच झाकली की आरसा नुसता शोभेचा राहतो. मागे कोणी बसणार नसेल तर रिकाम्या सीटचे बेल्टही लावून टाका, पाठीला तेवढाच आधार. डिक्कीतल्या कड्यांना खटक्याचा, म्हणजे खटक्याने ताणून घट्ट करायचा, पट्टा बांधता येतो. साध्या सुंभापेक्षा तो बरा, कारण घाटात सुंभ सैल पडतो. पट्टे आणि जाळी आमच्याकडे मिळतात. डिक्कीच्या भिंतीवरचा छोटा हूक मात्र भाजीच्या पिशवीसाठी आहे, त्याला पेट्या बांधू नका.

“गाडीत पाच माणसं बसतात, मग पाच माणसं आणि दहा पेट्या का नाही?” कारण गाडीने एकूण किती वजन घ्यायचं हे ठरलेलं असतं. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात जास्तीत जास्त एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरेल त्यात माणसं, बॅगा, पेट्या सगळं आलं. लहान गाडीत हा आकडा चारशे-साडेचारशे किलोच्या आसपास येतो. पाच मोठी माणसं साडेतीनशेच्या घरात जातात. आता दहा पेट्यांचे दीडशे-एकशेसाठ धरा. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर सिलिंडरचं वजनही यातूनच वजा होतं, हे तर कोणाच्याच लक्षात येत नाही.

वजन भरलं की हवा वाढवा. किती, ते ड्रायव्हरच्या दाराशी चिकटवलेल्या स्टिकरवर असतं. बहुतेक गाड्यांत भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरचा आकडा वेगळा दिलेला असतो. पंपावरच्या पोराला “नेहमीची मार” म्हणू नका, आकडा सांगा.

तो शून्य-एक-दोन-तीनचा चाकवाला खटका

स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली, गुडघ्याजवळ, बऱ्याच गाड्यांत बोटाने फिरवायचं एक छोटं चाक असतं, त्यावर ० ते ३ आकडे. ते कशाचं आहे हे दहा वर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. ते हेडलाइट खाली-वर करायचं आहे. मागे पेट्या भरल्या की गाडीचं नाक वर होतं आणि लाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. उन्हाचा आंबा नको म्हणून आपण सगळे रात्रीच निघतो. घाटात समोरून येणारा एसटीवाला आपल्यावर दिवे मारतो तेव्हा आपण त्याला शिव्या देतो, पण चूक आपली असते. मागे भार असेल तर चाक दोन किंवा तीनवर न्या. नक्की कुठे, ते पुस्तकात असतं. पेट्या उतरवल्या की परत शून्यावर आणा, नाहीतर पुढच्या आठवड्यात “लाइट कमी पडतो” म्हणून आमच्याकडेच याल. असे दोन जण गेल्या वर्षी नवे बल्ब मागायला आले होते. आम्ही चाक फिरवून परत पाठवलं. बल्ब विकले असते तर तेवढाच धंदा झाला असता.

जे आम्ही विकत नाही

पुढच्या सीटवर पेटी ठेवली की सीटबेल्टचा ‘टीं टीं’ सुरू होतो. त्यासाठी बकलमध्ये खोचायची क्लिप मागायला रोज एक तरी माणूस येतो. आम्ही ती ठेवत नाही. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना ती विक्रीतून काढायला लावली, पण आम्ही त्याआधीच बंद केली होती. कारण साधं आहे. क्लिप पेटीसाठी घेतात आणि पेटी उतरल्यावर ती तिथेच राहते, माणूस बसला तरी. बेल्ट नसेल तर एक हजाराचा दंड आहे, तो वेगळा. पुढे पेटी ठेवायचीच असेल तर तिला खरा बेल्ट लावा. आवाजही बंद, पेटीही जागेवर.

छतावरच्या कॅरियरबाबतही आमचं “नाही” ऐकून बरेच जण नाराज होतात. अनेक गाड्यांच्या छतावरच्या पट्ट्या नुसत्या शोभेच्या, चिकटवलेल्या किंवा बारीक स्क्रूवर बसवलेल्या असतात. त्यावर आम्ही कॅरियर लावत नाही. भार घेणाऱ्या पट्ट्या असतील तर लावून देतो, पण पुस्तकातला छताचा आकडा आधी दाखवतो, आणि त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. मग छतावर तीन पेट्याही जेमतेम. त्याही उन्हात. त्यापेक्षा डिक्की बरी.

चिकाचं एक राहिलं. देठाकडचा चीक सीटला किंवा प्लॅस्टिकला लागला की लगेच ओल्या फडक्याने पुसा. वाळला की डाग राहतो, मग आमच्याकडेही त्यावर औषध नाही. डिक्कीत काठ असलेला रबरी ट्रे टाकला तर चीक आणि पेंढा दोन्ही एका झटक्यात बाहेर. मुख्य मॉडेलचे ट्रे आमच्याकडे तयार असतात, बाकीचे दोन दिवसांत येतात.

पैसे का घेतो

“लॉकमध्ये नुसती हवा मारली, त्याचे दीडशे?” हे दर हंगामात ऐकतो. हवा मारायला दोन मिनिटं लागतात, कबूल. पण कव्हर सोडायचं, बाजूचं प्लॅस्टिक काढायचं, दोन्ही लॉक आणि तिन्ही बकलं तपासायची, प्रत्येक बेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिरलाय का ते बघायचं, आणि पाठ उभी करून तुमच्यासमोर ओढून दाखवायची, त्याचे हे पैसे. कव्हर आमच्याकडचं असेल तर त्या हंगामातली पहिली साफसफाई फुकट.

एकच विनंती. गाडी रिकामी आणा, शक्यतो पेट्या भरायच्या आदल्या दिवशी. गेल्या एप्रिलमध्ये एक काका चौदा पेट्या भरून, पुण्याला निघता निघता आले. सगळ्या पेट्या दुकानात उतरवल्या, लॉक साफ केलं, परत भरल्या. दोन तास गेले. जाताना एक पेटी आमच्यासाठी ठेवून गेले, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

मे अखेरपर्यंत रविवारीही दुपारी एकपर्यंत उघडं असतं.