डोळे मिटल्यावर उठणारी लाट

विश्रामबागेतल्या एखाद्या अभ्यासिकेत दुपारी जेवणानंतर डोकवा. स्पर्धा परीक्षेची दोन-चार पोरं पुस्तकावर हात ठेवून डोळे मिटून बसलेली असतात. त्यातली झोपलेली सोडून द्या. जी जागी आहेत, त्यांच्या डोक्याला ईईजीचे (मेंदूतली विद्युत हालचाल टिपणाऱ्या तपासणीचे) इलेक्ट्रोड लावले तर मागच्या बाजूला सेकंदाला 8 ते 13 वेळा वरखाली होणारी ठसठशीत लाट दिसेल. हिचं नाव अल्फा. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूतली ही विद्युत हालचाल पहिल्यांदा नोंदवली, 1929 मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे उघडताच अल्फा दबते, हेही त्यांनीच टिपलं.

असंख्य चेतापेशी एका तालात काम करतात तेव्हा ही लाट उठते. कवटीबाहेर येईतो ती व्होल्टच्या काही दशलक्षांशांवर येते. म्हणून तर तपासणीआधी केस धुऊन या, तेल लावू नका असं बजावतात, आणि घरच्या विजेचा 50 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 50 वेळा वरखाली होणारा, गोंगाट वेगळा गाळावा लागतो.

आता पाठांतराचं. साल्झबर्गच्या वोल्फगांग क्लिमेश यांनी 1999 मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. स्मरणाच्या चाचण्यांत सरस ठरणाऱ्यांची अल्फा त्यांच्याच वयाच्या कच्च्या मंडळींपेक्षा सुमारे 1 हर्ट्झने वेगवान असते, असं त्यात दिसलं. स्वस्थ बसल्यावर त्यांची अल्फा जोरकस असते आणि 4 ते 8 हर्ट्झची थीटा नावाची लाट कमजोर. गंमत पुढेच आहे. प्रत्यक्ष आठवायला बसवलं की चित्र उलटतं: अल्फा झपकन उतरते, थीटा चढते. मला वाटतं, खरी मेख या चढउतारात आहे. अल्फा म्हणजे मेंदू रिकामा बसल्याची खूण, असं पूर्वी मानायचे. आता बरेच संशोधक ती नको ते भाग गप्प ठेवणारी लाट मानतात.

पण एवढ्यावरून पोराची ‘ब्रेन मॅपिंग’ (मेंदूतल्या लाटांची तपासणी) करायला धावू नका. नेदरलँड्समधल्या जुळ्यांच्या 2001 च्या अभ्यासात अल्फाचा वेग 71 ते 83 टक्के आनुवंशिक निघाला, आणि बुद्ध्यंकाशी त्याचा संबंध सापडला नाही. (बुद्ध्यंक आणि स्मरण एक नव्हे, हे खरं.) जर्मनीत लोकांकडून 100 सत्रं बौद्धिक सराव करून घेतला, तरी हा वेग जिथल्या तिथे राहिला. शिवाय हे सगळे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. एकट्या विद्यार्थ्याचा आलेख बघून त्याचे गुण सांगता येत नाहीत.

त्यापेक्षा डोळे मिटून बसण्याचा थेट उपयोग 2012 च्या एका ब्रिटिश प्रयोगात दिसला. गोष्ट ऐकल्यावर 10 मिनिटं शांत बसलेल्यांना ती सात दिवसांनीही जास्त आठवली. लगेच चित्रांतले फरक शोधायला बसवलं तेव्हा कमी. त्या प्रयोगातली मंडळी मात्र साठी ओलांडलेली होती, अभ्यासिकेतली नव्हे.